बॉयकॉटच्या मुलखात

कॅसलबार गावाच्या मधोमध एक हिरवेगार मैदान आहे. तिथले लोक त्याला 'मॉल' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आता सरकत्या जिन्यांच्या दुकानांना चिकटला आहे. पण हा मॉल म्हणजे चारी बाजूंनी जुनी उंच झाडे, मधून पायवाटा आणि कडेला बाके, एवढेच. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे, तिचे हे मुख्य गाव. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच असेल. माझी मुलगी तिथे डॉक्टर आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो. ती सकाळी ड्यूटीवर गेली की हिचे विणकाम सुरू होई आणि मी छत्री घेऊन मॉलवर जाऊन बसत असे. तिथला पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. दिवसभर नुसता झिमझिमतो. छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर लागतो.

बाकावर रोज एक वृद्ध गृहस्थ कुत्रा घेऊन येत. मुलीच्या घरापासून तीन घरे सोडून राहणारे. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात 'मास्तर' म्हणू लागलो आणि इथेही तसेच म्हणतो. भारतातला माणूस भेटला म्हणजे क्रिकेट काढावे, एवढे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, ''तुम्ही बसला आहात ना, हे क्रिकेटचेच मैदान. लॉर्ड लुकनचे. आमच्या आज्या-पणज्यांचे भाडे घ्यायचे आणि इथे क्रिकेट खेळायचे!''

मग मैदानापलीकडच्या एका इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, ''आणि ते तेव्हाचे इम्पीरियल हॉटेल. २१ ऑक्टोबर १८७९ रोजी मायकेल डॅव्हिटने तिथे 'लँड लीग' स्थापन केली. जमीनदाराच्या मैदानासमोर बसून जमीनदारी बुडवायची सभा!''

लुकन घराण्याचा किस्सा मोठा गमतीचा आहे. यांच्यातला तिसरा लॉर्ड लुकन म्हणजे १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत घोडदळाचा प्रमुख होता तोच. ज्या वेड्या धावेवर इंग्रजांनी कविता केल्या, ती धाव ज्याच्या हुकुमावरून झाली तो. आणि सातवा लॉर्ड लुकन म्हणजे १९७४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या घरातून जो नाहीसा झाला तो. घरातल्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला होता, पोलीस त्याला शोधत होते आणि तो कधीच सापडला नाही. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्यावर चाळीस वर्षे मजकूर छापला. कॅसलबारमध्ये मात्र त्या बातमीचा अर्थ वेगळाच होता. गावातल्या कित्येक घरांच्या जागेचे भुईभाडे तोपर्यंत लुकन घराण्याला जात होते! देश स्वतंत्र होऊन पन्नास वर्षे उलटली होती, शेतजमीन कुळांची झाली होती, तरी घराखालच्या जागेचे भाडे चालूच. लॉर्ड बेपत्ता झाल्यावर गावातल्या लोकांनी ते देणे थांबवले. सापडत नाही तर द्यायचे कुणाला?

''रक्कम किरकोळ असायची हो,'' मास्तर म्हणाले, ''पण पाकीट बंद करताना माझे वडील कुणाशी बोलत नसत.''

मी म्हणालो, ''माझे आजोबाही भाडे घेणाऱ्यांतलेच होते. खोत.''

खोत म्हणजे काय ते मला बरेच समजावून सांगावे लागले. सरकार आणि कुळे यांच्या मधला. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून धान्य वसूल करायचे, अर्धेलीने किंवा जमीन पाहून त्याहून कमी. वर वेठ वेगळी. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''म्हणजे लॉर्ड नव्हे. लॉर्ड लंडनला असतो. हा तर एजंट. तुमचे आजोबा म्हणजे बॉयकॉट!'' आणि खो-खो हसले. मलाही हसावे लागले.

पुढचे पंधरा दिवस मास्तर त्यांच्या छोट्या गाडीतून मला हिंडवत राहिले.

पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या उतारावर मला समांतर रेघा दिसल्या. कंगवा फिरवावा तशा. मला वाटले आपल्यासारखी वरकस जमीन असेल, नाचणीची. मास्तरांनी गाडी थांबवली. ते बटाट्याचे वाफे होते. फावड्याने माती वर ओढून केलेले उंच वरंबे. त्यांना 'लेझी बेड' म्हणतात. आळशाचे वाफे! हे नाव देणाऱ्याने त्या चढावर कधी फावडे चालवले नसणार. १८४० च्या दशकानंतर तिथे कुणी काही पेरले नाही. दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. सूर्य कलला की सगळा डोंगर वाचता येतो.

आयर्लंडची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजांनी हा देश जिंकला आणि जमीन आपल्या सरदारांना, सैनिकांना, सावकारांना वाटली. मूळचे लोक त्याच जमिनीवर कुळे होऊन राहिले. बहुतेकांकडे लेखी पट्टा नाही. मालकाच्या मर्जीवर वहिवाट. भाडे वर्षातून दोनदा, बहुतेक ठिकाणी १ मे आणि १ नोव्हेंबरला. धान्य आणि डुक्कर विकून भाडे भरायचे आणि बटाटा खाऊन जगायचे. १८४५ साली बटाट्यावर रोग आला आणि पुढची चार-पाच वर्षे पीक कुजत राहिले. दहा लाख माणसे मेली, तेवढीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली.

त्या काळात १८४७ साली एक कायदा झाला: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन, त्याला सरकारी मदत नाही. पोटाला हवे असेल तर जमीन सोडा. शिवाय लहान कुळांच्या जमिनीवरचा गरीबपट्टीचा कर मालकाच्या बोकांडी. म्हणजे कुळ जितके लहान तितका मालकाला तोट्याचा. हिशेब सोपा होता. लुकनच्या माणसांनी एकट्या बॅलिनरोब परिसरात १८४६ ते १८४९ या काळात तीनशेवर झोपड्या पाडल्या आणि दोन हजारांवर माणसे हाकलली. 

डॅव्हिट त्यातल्याच एका घरातला. त्याचे गाव स्ट्रेड, कॅसलबारपासून थोड्याच अंतरावर. जन्म १८४६, ऐन दुष्काळात. चार वर्षांचा असताना, १८५० मध्ये, घरातून हाकलले. आई-बाप पोरांना घेऊन स्विनफर्डच्या अनाथगृहवजा 'वर्कहाऊस'मध्ये गेले. तिथला नियम असा की तीन वर्षांवरच्या मुलग्यांना आईपासून वेगळे ठेवायचे. आई तासाभरात पोरांना घेऊन बाहेर पडली. तिथून इंग्लंड, लँकेशायर, कापडगिरणी. अकराव्या वर्षी यंत्रात पोराचा उजवा हात गेला. याच एका हाताच्या माणसाने पुढे जमीनदारांची झोप उडवली. (याच डॅव्हिटने १८८३ च्या सुमारास आपल्या दादाभाई नौरोजींना आयर्लंडमधल्या एखाद्या मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावे असा आग्रह पार्नेलकडे धरला होता. पार्नेलने मानले नाही.) स्ट्रेडला ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तिथे आता त्याचे स्मारक-संग्रहालय आहे आणि शेजारी त्याची कबर. आम्ही गेलो तेव्हा दुसरे कुणी नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते इतिहासाच्या पुस्तकातले नाही. मास्तरांच्या घरी एके दुपारी त्यांनी संगणक लावला आणि एक पान उघडून दाखवले. निळसर शाईतले, गोल गोल अक्षर. ''माझी आई. वय वर्षे बारा.''

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सरकारी लोकसाहित्य आयोगाने एक अफाट काम केले. देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गाच्या मुलांना सांगितले: घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणा. औषधपाणी, भुते, विहिरी, हवामान, खेळ, दुष्काळ आणि 'आपल्या गावचा जमीनदार'! निबंध म्हणून. हजारो मुलांनी लिहिले. त्या वह्या जपल्या गेल्या आणि आता संगणकावर कुणालाही वाचता येतात. मला हेवा वाटला. आपल्याकडच्या सातवीच्या मुलांना कुणी 'आपल्या गावचा खोत' या विषयावर निबंध घातला असता तर? आमच्या गावात तरी तो लिहिण्याची कुणाची छाती नव्हती, आणि शाळाही आमच्याच पडवीत भरत असे.

त्या दुपारी आणि नंतर मुलीच्या घरी रात्री जागून मी त्या वह्या वाचत बसलो. थोड्याच वेळात काही गोष्टी ओळखीच्या होऊ लागतात. विधवेला घराबाहेर काढले, तिने गुडघ्यावर बसून शाप दिला की तुझ्या उंबऱ्यावर गवत उगवेल, आणि उगवले. जमीनदार मेला त्या दिवशी त्याच्या बागेतले सगळे कावळे झाडे सोडून गेले. भिंतीला चुना लावला म्हणून भाडे वाढवले, तेव्हापासून कुणी घराला चुना लावीना. अंडी, कोंबड्या, मालकाच्या शेतावर फुकट कामाचे दिवस, हे भाड्याच्या वर. आपल्या वेठीची आठवण यावी. असल्या गोष्टी खऱ्या किती, हा प्रश्न गैरलागू आहे. शाप लागला असता तर देशभर गवतच गवत झाले असते.

पण वाचता वाचता दोन गोष्टी मला खुपू लागल्या. एक म्हणजे या गोष्टींत लॉर्ड फारसा नाहीच. त्याचे नाव असते, तो क्रूर किंवा दयाळू असतो, आणि संपले. बारीकसारीक तपशील असतो तो एजंटाचा, त्याच्या कारकुनाचा, नोटीस घेऊन येणाऱ्याचा, आणि दार फोडणाऱ्या टोळीतल्या माणसांचा. हे सगळे गावातले. दुसरी गोष्ट दुष्काळाची. 'आमच्या गावात फारसे कुणी मेले नाही, पलीकडच्या गावात मेले,' असे म्हातारे पुनःपुन्हा सांगतात. पलीकडच्या गावच्या वहीत बघावे तर तिथेही तेच!

मी मास्तरांना विचारले. ते बराच वेळ कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, ''आकडे बघा. दुष्काळाआधी, १८४१ मध्ये, एक ते पाच एकरांची ३ लाख १० हजार शेते होती. दहा वर्षांनी उरली ८८ हजार. आणि तीस एकरांवरची शेते? ४८ हजारांची झाली १ लाख ४९ हजार. ती सगळी लॉर्डांनी घेतली का?''

ती शेजाऱ्यांनी घेतली. ज्यांच्याकडे वीस एकर होते, एक गाय जास्त होती, ज्यांनी कसेबसे भाडे भरले, त्यांनी बाजूचे रिकामे झालेले शेत एजंटाकडून भाड्याने घेतले. कुंपण काढले, चुलीचे दगड गोठ्याला वापरले. आज मेयोत जे शेतकरी आहेत ते मेलेल्यांचे वंशज कमी आणि वाचलेल्यांचे जास्त. वाचलेल्यांत काही शेजाऱ्याच्या जमिनीवर वाचले. हे कोणती आजी नातवाला वहीत लिहायला सांगेल?

मूर हॉलची गंमतही ऐकण्यासारखी आहे. कॅरा तळ्याच्या काठी, दाट झाडीत, चार मजली दगडी वाड्याचा सांगाडा उभा आहे. छप्पर नाही, खिडक्यांतून झाडे बाहेर आलेली. मालक मूर घराणे कॅथलिक, कुळांच्याच धर्माचे. १८४६ साली जॉर्ज हेन्री मूरच्या 'कोरॅना' घोड्याने चेस्टर कप जिंकला. त्याला १७ हजार पौंड मिळाले आणि त्यातून त्याने कुळांना धान्य पुरवले. त्याच्या जमिनीवरून दुष्काळात कुणाला हाकलले नाही, कुणी भुकेने मेले नाही, असे लोक आजही आदराने सांगतात. आणि १ फेब्रुवारी १९२३ रोजी, यादवी युद्धात, त्याच परिसरातल्या लोकांच्या बाजूच्या बंडखोरांनी हा वाडा जाळला. मूरचा मुलगा नव्या सरकारात सिनेटर होता म्हणून. भल्याची आठवण टिकली; वाडा टिकला नाही. लुकनचे मैदान मात्र सुखरूप आहे. आठवणीला न्याय वगैरे कळत नाही, हे तिथल्या एका पडक्या खिडकीत बसून डबा खाताना मला पटले. (हिने मेथीचे ठेपले केले होते. मास्तरांना फार आवडले.)

आता बॉयकॉट. आमच्या पिढीला हे नाव म्हटले की जेफ्री बॉयकॉटच आठवतो, दिवसभर खेळून सत्तर धावा करणारा. शब्द मात्र कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटवरून आला. मास्क तळ्याच्या काठी, बॅलिनरोबजवळ, लॉर्ड अर्नचा हा एजंट. १८७९ चे पीक बुडाले होते, १८८० मध्ये कुळांनी भाड्यात शेकडा २५ सूट मागितली. लॉर्ड १० द्यायला तयार होता. कुळे अडून बसली. सप्टेंबरात बॉयकॉटने घराबाहेर काढण्याच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा गावातल्या बायकांनी नोटीसवाल्याला चिखल-शेण मारून पळवले. दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉटच्या घरी कुणी येईना. गडी गेले, स्वयंपाकीण गेली, धोबीण कपडे नेईना, लोहार घोड्याला नाल ठोकीना, वाणी माल देईना. उभे पीक शेतात. शेवटी उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणले, त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई आणि पोलीस. पाचशे पौंडांच्या आसपासचे सलगम-बटाटे काढायला दहा हजार पौंड खर्च झाला! सैनिकांनी बागेतली झाडे जाळली, मेंढ्या खाल्ल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉयकॉट निघून गेला. 

शब्द घडवला तो तिथल्या फादर ओमॅली या धर्मगुरूने. 'वाळीत टाकणे' याला इंग्रजीत जो शब्द आहे तो आमच्या शेतकऱ्यांना कळायचा नाही, त्यापेक्षा 'बॉयकॉट करा' म्हणू, असे त्याने एका अमेरिकन वार्ताहराला सुचवले. याच फादरची एक गोष्ट तिथे सांगतात. सैन्य परत चालले तेव्हा रस्त्यावर एकही माणूस बघायला आला नाही. फक्त एक म्हातारी उभी होती. फादर छत्री उगारून तिच्यावर ओरडला, ''महाराणीच्या सैन्याला घाबरवू नकोस असे सांगितले होते ना तुला?''

इथवर सगळे आपल्याला थोडेफार ठाऊक असते. मास्क तळ्याच्या काठी, त्या घराच्या फाटकाबाहेर (घर खाजगी आहे, आत जाता येत नाही), मास्तरांनी मला वेगळेच सांगितले. बॉयकॉटवर बहिष्कार पडण्याच्या दोन-तीनच दिवस आधी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस गावी पार्नेलचे भाषण झाले. त्याने सभेला विचारले, हाकललेल्या कुळाचे शेत जो दुसरा घेतो, त्याचे काय करायचे? कुणी ओरडले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून बरा मार्ग आहे. त्याच्याशी रस्त्यात बोलू नका, दुकानात बोलू नका, जत्रेत नको, चर्चमध्येसुद्धा नको. महारोग्यासारखा एकटा पाडा.

''बघा,'' मास्तर म्हणाले, ''हे हत्यार घडवले होते शेजाऱ्यासाठी. एजंटावर ते नंतर चालले. आणि जगभर नाव झाले ते एजंटाचे.''

''शेजाऱ्यांची नावे गेली?''

''छे, कसली जातात!''

त्यांनी गाडी वळवली. येताना एका ठिकाणी वेग कमी करून डावीकडचे एक मोठे हिरवे शेत दाखवले. चांगले बांधलेले कुंपण, काळ्या-पांढऱ्या गाई. ''या शेताला आम्ही लहानपणी ज्या नावाने ओळखायचो ते आताच्या मालकाचे आडनाव नाही. १८८० च्या सुमारास हाकललेल्या माणसाचे आहे. त्याचे कुणीही इथे नाही. असतील तर अमेरिकेत. पण अजून सगळे तेच नाव घेतात. आताचे मालक दिसले की मात्र घेत नाहीत.''

''ज्याने शेत घेतले तो कोण?''

''ते मी सांगणार नाही. त्यांची पणतवंडे माझ्या वर्गात होती.''

लँड लीगनंतर एकामागून एक कायदे आले. १८८१ मध्ये वाजवी भाडे आणि वहिवाटीची हमी. १९०३ मध्ये सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याची सोय. १९२३ नंतर नव्या सरकारचा कायदा. १८७० साली शेकडा तीन शेतकरी आपल्या जमिनीचे मालक होते. १९२९ मध्ये सत्त्याण्णव. लँड कमिशन नावाच्या कचेरीने १९९९ पर्यंत हे वाटप पाहिले. कुणाला किती मिळाले, का मिळाले, कुणी कुणाविरुद्ध अर्ज केले, याची कागदपत्रे अनेक दशके सामान्य अभ्यासकांना बंद होती. मास्तरांच्या मते बरेच झाले. ''उघडली तर रविवारी चर्चमध्ये कुणाशेजारी बसायचे हा प्रश्न पडेल.''

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही.

१९३७ साली मास्तरांची आई वही लिहायला बसली, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळ चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप तेव्हा चालू होता; १९३३ पासून १९३९ पर्यंत त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून. हे दोन्ही मी पुस्तकात वाचले, नोकरीत असताना, पुण्यात. आमच्या घरात त्याचा कधी उच्चार झाला नाही. आमच्याकडे टिळकांचा बहिष्कार होता, विदेशी कापडाचा. टिळकही चिखलगावच्या खोत घराण्यातले, याचा अभिमान वेगळा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पुढे १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. 'कुळकायदा' हा शब्द आमच्या घरात उसासा टाकल्याशिवाय कुणी म्हणत नसे. 'आपली जमीन गेली.' मी याच वाक्यावर वाढलो. ती आपली कधी झाली, कशी झाली, कुणाच्या हातून सुटून आपल्याकडे आली, याची एकही गोष्ट मला आजीने सांगितली नाही. आणि आजी गोष्टी सांगण्यात हुशार होती.

आमच्या पुण्याच्या दिवाणखान्यात एक लाकडी पायली आहे. पितळी पट्ट्या मारलेली, आजोबांच्या कोठारातली. हिने तिच्यात वाळलेली फुले ठेवली आहेत; येणारे-जाणारे कौतुक करतात. काही वर्षांपूर्वी आमच्या पूर्वीच्या कुळांपैकी एका घरातले दादा मुलाच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला आले होते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. चहा झाला, गावच्या गप्पा झाल्या. निघताना त्यांची नजर पायलीवर गेली. हात लावून, कड अंगठ्याने चाचपून ते म्हणाले, ''भाऊ, ही घ्यायची की द्यायची?''

मला कळलेच नाही. ते हसले आणि पायात चपला घालून निघाले. नंतर आईला विचारले, तेव्हा ती होती. म्हणाली, ''काहीतरीच बोलतात. लक्ष देऊ नकोस.''

कोठारात म्हणे दोन मापे असत. खंड मापून घेताना एक, पावसाळ्यात उसने भात देताना दुसरे. कोकणात हे कित्येक खोतांविषयी सांगतात. कावळे उडाल्याच्या गोष्टीसारखे. आमच्या घराविषयी खरे असेल-नसेल.

आयर्लंडहून आल्यावर एका दुपारी मी फुले काढली, पायली पुसली आणि तांदळाने शिगोशीग भरली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो तांदूळ तोलला. हिने विचारले, ''काय चाललंय?'' मी काही बोललो नाही. आकडा आला, पण आकड्याने काय ठरणार? पायली गावागणिक वेगळी असे. घ्यायची की द्यायची हे कळायला शेजारी दुसरे माप ठेवावे लागते, आणि आमच्याकडे आले ते एकच. दुसरे कुठे गेले ते विचारायला घरात आता कुणी मोठे राहिलेले नाही.

दादांना फोन केला. आधी त्यांना वाटले मी कुणाच्या आजारपणाची बातमी सांगतो आहे. मग म्हणाले, ''आमच्या घरचे माप आहे ना. बापूस घरी मोजून मग तुमच्याकडे न्यायचा.'' पुढे थोडा वेळ दोघेही गप्प होतो. गणपतीला मी गावी जाणार आहे. येताना पायली घेऊन या, म्हणाले. तांदूळ आमचाच भरू.